२९ डिसेंबरचा सामना आणि जायंट्सचं अजिंक्यपद (एनएफएल २००७)

मेडोलँड्सकर

क्रिकेटच्या धाग्यावर परवा वाद चालला होता: मालिकेचा निकाल लागून गेल्यावर उरलेल्या सामन्यात मुख्य खेळाडू खेळवायचे की बसवायचे? तिथे मी एक ओळ लिहून गेलो, की अमेरिकन फुटबॉलमध्ये (तिथली लीग ती एनएफएल) एका संघाने असल्याच सामन्यात सगळी माणसं उतरवली, सामना हरला, आणि पाच आठवड्यांनी त्याच प्रतिस्पर्ध्याला हरवून अजिंक्य ठरला. नीट लिहा असं दोघातिघांनी म्हटलं, म्हणून हा धागा.

मी १९९९ पासून न्यू जर्सीत राहतो. न्यू यॉर्क जायंट्स हे नावापुरते न्यू यॉर्कचे. त्यांचं मैदान हडसनच्या अलीकडे, आमच्या ईस्ट रदरफोर्डला, मेडोलँड्सच्या पाणथळ जमिनीवर. (तेव्हाचं स्टेडियम आता पाडलं, शेजारीच २०१० मध्ये नवं उभं राहिलं.) ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घरी वडिलांपासून चालत आलेली सीझनची दोन तिकिटं होती. वडिलांना त्या आठवड्यात बरं नव्हतं, म्हणून शनिवारी २९ डिसेंबर २००७ च्या रात्री त्यांची खुर्ची मला मिळाली.

समोर होते बॉस्टनकडचे न्यू इंग्लंड पेट्रियट्स. पंधरापैकी पंधरा सामने जिंकलेले. पहिल्याच सामन्यात जेट्स या संघाच्या प्रशिक्षकांच्या खुणा कॅमेऱ्याने टिपल्याचं प्रकरण त्यांच्यावर शेकलं होतं: मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना ५ लाख डॉलर दंड, संघाला अडीच लाख, शिवाय पुढच्या ड्राफ्टमधली (संघ नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्या फेरीची निवड जप्त. त्यानंतर ते अशा चेवाने खेळले की बघणाऱ्याला धडकी भरावी. चेंडू फेकायला टॉम ब्रेडी. झेलायला रँडी मॉस, ज्याला ओकलंडने चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात देऊन टाकलं होतं, आणि मायामीकडून आणलेला वेस वेल्कर.

आणि आमचे जायंट्स? पहिले दोन्ही सामने हरले, त्यांत मिळून ८० गुण दिले. प्रशिक्षक टॉम कॉफ्लिन यांची नोकरी आदल्या हिवाळ्यात जाता जाता राहिली होती. बैठकीला पाच मिनिटं आधी न येणारा उशिरा आला असं मानणारा कडक माणूस. खेळाडू त्यांना वैतागले होते. त्या वर्षी त्यांनी खेळाडूंचीच एक समिती नेमली, तिचं ऐकायला लागले, आणि वातावरण निवळलं. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, एलाय मॅनिंग. थोरला भाऊ पेटन आदल्याच वर्षी सुपर बोलचा, म्हणजे अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, आणि हा नोव्हेंबरात मिनेसोटाविरुद्ध चार चेंडू शत्रूच्या हातात देऊन बसला, त्यातल्या तिनांवर त्यांनी थेट टचडाउन (सहा-सहा गुण) केले. त्या दिवशी माझ्या शेजारच्या घरातून टीव्ही बंद केल्याचा आवाज आला होता, इतक्या जोरात रिमोट आपटला असावा.

तरी जायंट्स १०-५ वर (दहा विजय, पाच पराभव) आले. २३ डिसेंबरला बफेलोच्या गारठ्यात अहमद ब्रॅडशॉ नावाचा नवखा पोरगा, ड्राफ्टमध्ये अडीचशेवा निवडलेला, ८८ यार्ड पळत सुटला आणि प्लेऑफमधली जागा पक्की झाली. म्हणजे २९ तारखेला जिंकलो काय, हरलो काय, आमचं मानांकन बदलणार नव्हतं. पुढच्या आठवड्यात बाद फेरी. दुखापत झाली तर संपलं. टीव्हीवरचे जवळजवळ सगळे जाणकार सांगत होते, मुख्य माणसं बसवा.

कॉफ्लिननी सगळ्यांना उतरवलं.

मी वरच्या मजल्यावर होतो. मध्यंतराला २१-१६ आम्ही पुढे. तिसऱ्या सत्रात २८-१६. अख्ख्या हंगामात पेट्रियट्सवर इतकी मोठी आघाडी कोणी घेतली नव्हती. पायाखालचं काँक्रीट हलत होतं, हे मी शब्दशः सांगतोय. मग चौथ्या सत्रात ब्रेडीने मॉसला ६५ यार्डांचा चेंडू दिला. त्या एकाच फेकीत ब्रेडीचा हंगामातला ५० वा टचडाउन पास (पेटन मॅनिंगचा ४९ चा विक्रम मोडला) आणि मॉसचा २३ वा टचडाउन (जेरी राइसचा २२ चा मोडला). शेवटी ३८-३५. पेट्रियट्स १६-०.

पण बाहेर पडताना कुणाचं तोंड उतरलेलं नव्हतं. जिन्यावर माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ नातवाला समजावत होते, की यांना परत गाठलं तर आपण जिंकू. हरलेल्या सामन्यानंतर असलं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

माझं म्हणणं हे: अजिंक्यपद ३ फेब्रुवारी २००८ ला अॅरिझोनात ग्लेनडेलला मिळालं, १७-१४ ने. ते मिळू शकतं ही खात्री २९ डिसेंबरला झाली. कॉफ्लिननी त्या रात्री राखीव मुलं खेळवली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

शंकासुर

मीच आग्रह करणाऱ्यांपैकी एक. मी नाशिकचा, हा खेळ रील्समध्ये जेवढा दिसतो तेवढाच माहीत. दोन प्रश्न. सोळापैकी सोळा जिंकल्यावर ते आपोआप विजेते कसे नाहीत? आणि दर पाच सेकंदांनी खेळ का थांबतो?

मेडोलँड्सकर

@शंकासुर, चांगले प्रश्न.

तेव्हा सोळा सामन्यांची साखळी असायची. तेव्हा ३२ संघांपैकी १२ पुढे जायचे, एएफसी आणि एनएफसी या दोन गटांतून सहा-सहा. तिथून बाद फेरी, एक हार म्हणजे घरी. दोन्ही गटांचे विजेते सुपर बोलमध्ये भेटतात. साखळीसकट सगळे जिंकून अजिंक्य होण्याचा पराक्रम आजवर एकाच संघाने केलाय: १९७२ चे मायामी डॉल्फिन्स, डॉन शुलांचा संघ, १७-०. २००७ मध्ये पेट्रियट्सना १९-० करायचं होतं.

थांबण्याचं: चेंडू ज्याच्याकडे त्याला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चारांत मिळून दहा यार्ड पुढे सरकलात की पुन्हा नवे चार. नाही सरकलात तर चेंडू समोरच्यांचा. प्रत्येक प्रयत्न हा ठरवून मांडलेला डाव असतो, म्हणून मध्ये थांबून पुढचा मांडायचा. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, ६ गुण, वर लाथेने १. तिथवर जमत नसेल तर लांबून खांबांमधून लाथ मारायची, तो फील्ड गोल, ३ गुण. इतकं पुरे. बाकी बघता बघता कळतं.

चार्ल्सकाठचा

मी फ्रेमिंगहॅमला राहतो, बॉस्टनजवळ, तेव्हा कुठल्या बाजूचा हे सांगायला नको. धागा मनापासून आवडला. पण मुख्य मुद्दा मला पटत नाही.

एक तर त्या 'खात्री'ची किंमत बघा. २९ डिसेंबरला जायंट्सचे तीन जण जखमी झाले: सेंटर शॉन ओहारा, कॉर्नरबॅक सॅम मॅडिसन, लाइनबॅकर कावीका मिचेल. पुढच्या आठवड्यात टँपाला हरले असते तर हाच निर्णय आज मूर्खपणा म्हणून सांगितला गेला असता. निकाल लागल्यावर मागे वळून कारण शोधणं सोपं असतं.

दुसरं, पेट्रियट्सना अडवता येतं हे आधीच दिसलं होतं. २५ नोव्हेंबरला फिलाडेल्फियाने आम्हाला ३१-२८ पर्यंत आणलं, लगेच पुढच्या सामन्यात बाल्टिमोरने २७-२४. जायंट्सनी काही गुपित शोधलं नाही.

आणि तिसरं: २९ डिसेंबरची फिल्म बेलिचिकनीही पाहिली असणार ना? शिकायचं असेल तर दोघेही शिकतात.

त्या हंगामातले ५८९ गुण मी विसरू शकत नाही. तेव्हाचा विक्रम होता तो, सामन्याला जवळजवळ ३७. मी इथे आल्यापासून पाहिलेला सगळ्यात सुंदर संघ. आणि त्याच्या नावापुढे अजिंक्यपद नाही. रविवारची ती रात्र मला आजही नकोशी वाटते.

आकडेमोड

दोघांच्या मधलं बोलतो. खात्री वगैरे मोजता येत नाही, पण एक गोष्ट मोजता येते. जायंट्सनी साखळीत सहा सामने हरले. दोन डॅलसकडून, एक ग्रीन बेकडून, एक मिनेसोटाकडून, एक वॉशिंग्टनकडून, एक पेट्रियट्सकडून. आता बाद फेरी बघा: टँपा २४-१४, डॅलस २१-१७, ग्रीन बे २३-२०, पेट्रियट्स १७-१४. म्हणजे सहा पराभवांपैकी चार ज्यांच्याकडून झाले, त्या तिघांनाही त्यांनी शेवटी गाठून हरवलं. त्यातही बाद फेरीचे पहिले तिन्ही सामने परक्या मैदानावर. पहिला डॅलसचा पराभव सोडला तर त्या वर्षी ते परक्या मैदानावर एकदाही हरले नाहीत, ओळीने दहा जिंकले. (त्यातला एक ऑक्टोबरात लंडनला वेम्बलीवर, मायामीविरुद्ध. कागदोपत्री यजमान मायामी.) हा हरलेल्या सामन्यातून शिकणारा संघ होता. फक्त २९ डिसेंबरपुरतं ते नाही.

आता त्या सामन्याचं. मेडोलँड्सकर, तुमच्या लिखाणात एक गोष्ट सुटली. जायंट्सनी ३५ गुण केले हे खरं, पण बचावाने ३८ दिले. आक्रमणाला आत्मविश्वास मिळाला असेल, बचावाला मिळाला तो धडा. सुपर बोलमध्ये जे घडलं ते बचावाने घडवलं. ३८ वरून १४ वर.

तो बचाव कसा होता ते सांगतो, कारण माझ्यासाठी या हंगामाचा गाभा तोच आहे. बचावाचे प्रमुख स्टीव्ह स्पॅन्युओलो त्याच वर्षी फिलाडेल्फियाहून आले होते, जिम जॉन्सन यांच्या तालमीत वाढलेले. नवं काही शिकताना पहिले दोन सामने पार वाहून गेले. तिसऱ्या सामन्यात वॉशिंग्टनला शेवटच्या मिनिटात एक यार्डाच्या रेषेवर अडवलं आणि तिथून गाडी रुळावर आली. ३० सप्टेंबरला फिलाडेल्फियाच्याच क्वार्टरबॅकला १२ वेळा पाडलं, त्यात एकट्या ओसी उमेन्योराने सहा वेळा. साखळी संपली तेव्हा ५३ सॅक (क्वार्टरबॅकला असं पाडणं), लीगमध्ये सर्वांत जास्त.

क्वार्टरबॅकवर दबाव आणायचे दोन मार्ग. पाच-सहा जणांना सोडायचं, मग मागे झेल अडवायला माणसं कमी पडतात, आणि ब्रेडीसारखा माणूस नेमका तिथेच चेंडू टाकतो. किंवा चौघांनाच सोडायचं आणि सातजण मागे ठेवायचे. दुसरा मार्ग जमायला ते चौघं तसे लागतात. जायंट्सकडे होते: मायकल स्ट्रेहन, उमेन्योरा, आणि कडेला खेळणारा जस्टिन टक, ज्याला पासच्या डावांत मधोमध आणलं. मधल्या गार्डला इतका चपळ माणूस समोर येण्याची सवय नसते. कडेने आलेल्यापासून ब्रेडी एक पाऊल पुढे सरकून सुटायचा. आता पुढे सरकायला जागाच राहिली नाही. त्या रात्री त्याला पाच वेळा पाडलं, दोनदा टकने. न पाडलेल्या वेळा तर मोजायलाच नकोत, उठून अंगावरचं गवत झटकताना तो सारखा दिसत होता.

आणि जायंट्सची पहिलीच चढाई ९ मिनिटं ५९ सेकंद चालली, सुपर बोलच्या इतिहासातली सर्वांत लांब. मिळाले फक्त ३ गुण, पण पहिल्या पंधरा मिनिटांतली दहा मिनिटं ब्रेडी बाकावर. याआधीचा विक्रम ९:२९ चा, तोही जायंट्सचाच, जानेवारी १९९१ मध्ये बफेलोविरुद्ध. तेव्हा जायंट्सच्या बचावाचे प्रमुख कोण? बेलिचिक. झेलणाऱ्यांचे प्रशिक्षक? कॉफ्लिन. दोघंही बिल पार्सेल्सच्या हाताखाली. बलाढ्य आक्रमणाला बाकावर बसवून ठेवायची विद्या दोघांनी एकाच घरात पाहिली होती.

मॅडिसनवासी

विस्कॉन्सिनमधून. ग्रीन बेचा विषय निघाला म्हणून राहवत नाही.

२० जानेवारी २००८, ग्रीन बे पॅकर्सचं मैदान लँबो फील्ड, उणे १८ सेल्सियस, वाऱ्यासकट उणे ३१ भासत होतं. आमच्या घरात हीटर पूर्ण चालू असून खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाची जाळी धरली होती, आणि ते लोक बाहेर झेल घेत होते. जायंट्सचा झेल घेणारा प्लॅक्सिको बरेस त्या वर्षी दुखऱ्या घोट्यामुळे सराव फारसा करतच नव्हता. त्याने अल हॅरिससमोर ११ झेल घेतले, १५१ यार्ड. हॅरिस आमचा चांगला कॉर्नरबॅक, हे मुद्दाम सांगतो. कॉफ्लिनचे गाल कच्च्या मांसासारखे लाल झालेले टीव्हीवर दिसत होते.

जायंट्सच्या लाथ मारणाऱ्या लॉरेन्स टाइन्सने चौथ्या सत्रात दोन फील्ड गोल चुकवले. दुसरा तर वेळ संपताना, तो बसता तर तिथेच खेळ खलास. आम्ही घरात उड्या मारल्या. २०-२०, जादा वेळ. मग आमच्या क्वार्टरबॅक ब्रेट फावरने फेकलेला चेंडू जायंट्सच्या कोरी वेबस्टरने पळवला. ४७ यार्डांवरून लाथ. कॉफ्लिननी सांगायच्या आत टाइन्स स्वतःच मैदानात धावत गेला, आणि या वेळी चेंडू खांबांमधून.

फावर ३८ वर्षांचे होते. सोळा हंगाम आमच्याकडे. मार्चमध्ये रडत निवृत्ती जाहीर केली, मग परत फिरले, पण ग्रीन बेत नाही. वेबस्टरच्या हातात गेलेला तो चेंडू पॅकर्ससाठीचा त्यांचा शेवटचा. मला त्या सामन्याचं दुःख तेवढ्यासाठी आहे, हरण्याचं नाही. दोनदा चुकवलेल्या माणसाला तिसऱ्यांदा धावत जावंसं वाटतं, ते कुठून येतं ते मला कळत नाही, पण चार्ल्सकाठचा, तुम्ही ज्याला मागे वळून शोधलेलं कारण म्हणता तसलंच काहीतरी ते असणार.

दूर्वा पार्सिपनी

किती आठवणी निघाल्या. मला त्या जानेवारीचं सगळं क्रिकेटसकटच आठवतं.

सिडनीच्या कसोटीने घरात सुतक होतं. सांगलीहून मामंजी आलेले. मग पर्थ. आमच्याकडे रात्री साडेनऊला खेळ सुरू व्हायचा, पहाटे साडेचारपर्यंत. मामंजी शाल गुंडाळून सोफ्यावर, मी अधूनमधून चहा करून देणार. शुक्रवारची रात्र उलटून शनिवारी १९ तारखेला पहाटे आपण ७२ धावांनी जिंकलो आणि ऑस्ट्रेलियाची सलग सोळा कसोटी विजयांची माळ तुटली. मामंजी म्हणाले, कोलकात्यालाही सोळाच होते. दुसऱ्या दिवशी रविवारी संध्याकाळी त्याच सोफ्यावर लेकाने त्यांना लँबोचा सामना समजावून सांगितला. तो तेव्हा दहा वर्षांचा.

सुपर बोलच्या दिवशी शेजारचे सगळे आमच्याकडे. मी बटाटेवडे केले होते, कुणी चिकन विंग्ज आणलेले. मामंजींनी लेकाला विचारलं, हे पेट्रियट्स किती जिंकलेत म्हणे? तो म्हणाला, सगळे, अठरा. मामंजी म्हणाले, मग आता थांबायची वेळ आली त्यांची. पोरगं इतकं खूश झालं की आजोबांच्या शेजारून हललंच नाही.

मंगळवारी ५ तारखेला मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवेवर मिरवणूक होती. त्याच दिवशी न्यू जर्सीत प्रायमरीचं मतदान. मी सकाळी मत देऊन आले आणि लेकाला शाळेला दांडी मारायला लावून ट्रेनने घेऊन गेले. आईने शाळा बुडवायला सांगितलेला त्याच्या आयुष्यातला तो एकच दिवस. उंच इमारतींमधून कागदाचे कपटे पडत होते, आम्हाला खेळाडू फारसे दिसलेही नाहीत. मूठभर कपटे त्याने खिशात भरून आणले. मामंजी आता नाहीत. ते कपटे त्यांच्या चष्म्याच्या डबीत आहेत.

मेडोलँड्सकर

दूर्वाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

@आकडेमोड, बचावाबद्दल मान्य. माझं वाक्य सुधारतो: त्या रात्री अर्ध्या संघाला खात्री मिळाली आणि अर्ध्याला धडा.

@चार्ल्सकाठचा, तुमचा पहिला मुद्दा सर्वांत अवघड आहे आणि तो मी टाळणार नाही. हो, टँपाला हरलो असतो तर कॉफ्लिनना लोकांनी सोडलं नसतं. पण म्हणूनच मला तो निर्णय मोठा वाटतो. निकाल लागायच्या आधी, दुसऱ्याच दिवशी, जॉन मॅडन यांनी कॉफ्लिनना फोनवर निरोप ठेवला होता. (व्हिडिओ गेमवर नाव असलेले तेच मॅडन, स्वतः सुपर बोल जिंकलेले प्रशिक्षक.) खेळ जिंकण्यासाठीच खेळायचा असतो हे तुम्ही दाखवलंत, असा त्याचा आशय. कॉफ्लिननी तो निरोप संघाला ऐकवला. म्हणजे त्या निर्णयाची किंमत ओळखणारा माणूस तेव्हाच होता, फेब्रुवारीची वाट न बघता.

आता शंकासुरसाठी शेवटची चढाई. ती लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होत नाही.

चौथं सत्र सुरू होताना पेट्रियट्स ७-३ पुढे. जेरेमी शॉकी डिसेंबरात पाय मोडून बसल्यामुळे खेळत असलेल्या केविन बॉस या नवख्याने ४५ यार्ड नेले, आणि डेव्हिड टायरीने टचडाउन केला, १०-७. मग ब्रेडी ब्रेडीसारखा खेळला. मॉसला टचडाउन, १४-१०. अंगावर असलेला वेबस्टर पाय घसरून पडला होता. उरली २ मिनिटं ४२ सेकंद. चेंडू आमचा, आमच्या १७ यार्डांवर. ८३ यार्ड जायचं.

चौथा डाउन आणि एक यार्ड, ब्रँडन जेकब्सने अंग घुसवून काढला. मग एलायची एक फेक पेट्रियट्सच्या असांटे सॅम्युएलच्या बोटांना लागून निसटली. ती पकडली असती तर संपलं होतं. नंतर १:१५ उरलेली असताना तिसरा डाउन, पाच यार्ड हवेत. जार्व्हिस ग्रीन आणि रिचर्ड सीमोर यांनी एलायची जर्सी मागून धरली. मी डोळे मिटले. शेजारी कुणीतरी किंचाळलं म्हणून उघडले तर तो सुटलेला होता, मागे पळत होता, आणि चेंडू मधोमध उंच गेला होता. खाली टायरी. हा माणूस संपूर्ण साखळीत चार झेल घेतलेला, मुख्यतः लाथेच्या डावांत धावणारा. डिसेंबरात आई वारलेली. शुक्रवारच्या सरावात त्याच्या हातून चेंडूमागून चेंडू सुटत होते. रॉडनी हॅरिसन त्याच्या हाताला लटकला, आणि टायरीने एका हाताने चेंडू स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला. जमिनीवर आदळेपर्यंत तसाच. ३२ यार्ड.

मग आमच्या स्टीव्ह स्मिथला (क्रिकेटवाला नव्हे) १२ यार्ड, आणि ३५ सेकंद उरले असताना डाव्या कोपऱ्यात बरेस एकटा. एलिस हॉब्ज आतल्या बाजूला फसला होता. एलायचा चेंडू इतका सावकाश खाली आला की खोलीत सगळे उभे राहून वाट बघत होते.

सामन्याआधी बरेसने २३-१७ असं भाकीत केलं होतं. पत्रकारांनी ते ब्रेडीला सांगितलं तेव्हा तो हसला, आम्ही फक्त सतराच करणार? त्यांनी चौदा केले.

चार्ल्सकाठचा

सॅम्युएलच्या बोटांबद्दल लिहिलंत, त्याबद्दल आभार. जायंट्सवाले सहसा ते गाळतात.

मॅडनचा निरोप माहीत होता, पण तुम्ही तो मांडलात तसा कधी विचार केला नव्हता. जिंकण्यासाठी खेळायचं हे आमच्याही संघाने त्या रात्री केलं हे मात्र विसरू नका. पहिलं मानांकन आमचं केव्हाच पक्कं झालं होतं. ब्रेडी, मॉस, वेल्कर, सगळे शेवटपर्यंत मैदानात होते. १६-० साठी. दोन्ही बाजूंनी तोच निर्णय घेतला, म्हणून तो सामना तसा झाला. मूळचा तो लीगच्या स्वतःच्या चॅनेलवरच दिसणार होता, जे कितीतरी घरांत नव्हतं. ऐनवेळी सीबीएस आणि एनबीसीवरही दाखवला, एकाच वेळी तीन चॅनेलवर. माझ्या बाबांनी, ते तेव्हा इथे आलेले, प्रत्येक चॅनेल लावून खात्री करून घेतली होती.

बेलिचिकनी तिसऱ्या सत्रात ३१ यार्डांवरून, चौथा डाउन आणि १३ यार्ड असताना, फील्ड गोल न मारता पास टाकायला लावला. तो फुकट गेला. सामना तीन गुणांनी हरलो. या एका निर्णयावर आमच्या घरात आजही एकमत नाही.

आकडेमोड

४८-४९ यार्डांची लाथ पडली असती. पेट्रियट्सचा लाथ मारणारा स्टीफन गोस्टकोव्स्की तेव्हा दुसऱ्याच वर्षात होता. मी मारायला लावली असती. पण तिथे उभा असतो तर, सांगता येत नाही.

शंकासुर

चार रात्री जागून दोन्ही सामने पाहिले. आधी २९ डिसेंबर, मग सुपर बोल. अर्ध्या गोष्टी कळल्या नाहीत, पण एक दिसलं, ते बरोबर आहे का सांगा.

डिसेंबरच्या सामन्यात त्या ६५ यार्डांच्या टचडाउनच्या आधीच्याच डावात ब्रेडीने मॉसला तसाच लांब चेंडू टाकला होता. मॉस मोकळा होता, चेंडू जरा आखूड पडला आणि हातून सुटला. लगेच पुढच्या डावात त्यांनी पुन्हा तेच केलं आणि तो झेल बसला, विक्रम झाला.

सुपर बोलच्या शेवटच्या काही सेकंदांत जायंट्सच्या जे अल्फर्डने ब्रेडीला पाडल्यावर त्याने परत मॉसलाच लांब टाकला. वेबस्टरची बोटं लागली, तोच वेबस्टर जो आधी घसरून पडला होता. आणि पुढच्या डावात पुन्हा मॉसलाच. डिसेंबरात दुसरा चेंडू लागला होता, म्हणून ते परत तेच करत होते का? आणि जायंट्सचे लोक या वेळी दुसऱ्या चेंडूची वाट बघत उभे होते का? कारण कॅमेरा मागून दाखवतो तेव्हा कुणीच गोंधळलेलं दिसत नाही.

मेडोलँड्सकर

हे दोन सामने मी किती वेळा पाहिले याची मोजदाद नाही, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकोणतीस तारखेला मी वरच्या मजल्यावरून दोन्ही फेकी डोळ्यांनी बघितल्या होत्या, पहिली सुटली तेव्हा सहकाऱ्याने माझा दंड घट्ट धरला होता.

आज रात्री दोन्ही शेजारी शेजारी लावून बघतो. @चार्ल्सकाठचा, तुमच्याकडे मागच्या बाजूच्या कॅमेऱ्याची फिल्म असेल तर तीच वेळ काढून ठेवा.